पत्र्याचं रॉकेट

मोटार भरधाव सुटलेली. ब्रेक निकामी, नायक स्टिअरिंगवर बेशुद्ध, समोर कडा. मोटार कड्यावरून खाली कोसळते, आपटते, पेट घेते आणि पडद्यावर अक्षरं उमटतात की पुढचा भाग पुढच्या आठवड्यात याच थिएटरात पाहा. आठवडा जातो. पुढचा भाग सुरू होतो. तीच मोटार, तोच कडा. पण आता मध्येच एक दृश्य घुसवलेलं असतं, जे गेल्या आठवड्यात नव्हतंच. नायक शुद्धीवर येतो, दार उघडतो आणि गवतात उडी मारतो. मोटार रिकामीच खाली जाते.

याला सरळ मराठीत लबाडी म्हणतात. ही लबाडी थिएटरातल्या पोराटोरांनाही कळत होती, दर आठवड्याला कळत होती, आणि तरी पुढच्या शनिवारी तीच पोरं तिकिटाच्या रांगेत उभी असायची.

असल्या तुकड्यातुकड्यांच्या सिनेमांना अमेरिकेत ‘सिरियल’ म्हणत. घरोघरी टीव्ही येण्याआधीची ही गोष्ट. दर आठवड्याला मुख्य सिनेमाच्या जोडीला पंधरा-वीस मिनिटांचा एक भाग दाखवायचा आणि नायकाला मरणाच्या दारात उभं करून थांबायचं. बारा ते पंधरा आठवडे हा खेळ चाले. त्यातले अवकाशातले सिनेमे तर फारच अचाट. १९३६ सालच्या ‘फ्लॅश गॉर्डन’चे १३ भाग होते. आमच्या पिढीला हा फ्लॅश गॉर्डन इंद्रजाल कॉमिक्समुळे माहीत, वेताळ आणि मँड्रेकच्या बरोबरीने. पडद्यावर त्याची रॉकेटं तारेला टांगलेली असत. शेपटीतून निघणारा धूर मागे जायचा सोडून अगरबत्तीसारखा सरळ वर चढायचा. रॉकेटंसुद्धा १९३० सालच्या दुसऱ्याच एका सिनेमातून उचललेली, आणि सेट त्याच कंपनीच्या भुताखेतांच्या सिनेमांतले. दुष्ट सम्राट मिंग मात्र लांब मिशांचा, झग्यातला, पूर्वेकडचा वाटेल असाच. परग्रहावरचा खलनायकसुद्धा त्यांना आपल्या बाजूचा दिसायला हवा होता. या सिनेमांचं सगळंच गोड मानून घ्यायचं कारण नाही, एवढंच सांगते आणि पुढे जाते.

टीव्ही घरात आला आणि सिरियल संपली. अमेरिकेतली शेवटची १९५६ साली आली. मग १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ आला. तो काढणाऱ्या जॉर्ज लुकासना आधी ‘फ्लॅश गॉर्डन’च नव्याने काढायचा होता.

हे सगळं मला गेल्या तीन-चार महिन्यांत कळलं. आमचा मुलगा नववीत आहे. एका रविवारी त्याचे दोन मित्र आले आणि हसायला म्हणून त्यांनी टीव्हीवर ‘रेडार मेन फ्रॉम द मून’ लावला. १९५२ सालचा, काळा-पांढरा, १२ भागांचा. नायक चामड्याचं जाकीट घालतो, डोक्यावर बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं शिरस्त्राण चढवतो, पाठीवर रॉकेट बांधतो आणि उडतो. जाकिटाच्या छातीवर बटणं आहेत. चालू-बंद, वर-खाली, हळू-जोरात. बस्स. आमच्या मिक्सरला याहून जास्त बटणं आहेत. मुलं लोळून लोळून हसत होती. माझे सासरे, अब्बा, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. ते हसत नव्हते. ते पुढे सरकून बघत होते.

अब्बांबद्दल थोडं सांगायला हवं. दापोडीच्या एस.टी.च्या मध्यवर्ती कार्यशाळेत त्यांनी ३७ वर्षं काम केलं, बॉडीच्या कामावर. चॅसिस यायची ती म्हणजे नुसता सांगाडा, इंजिन आणि चाकं. तिच्यावर आख्खी गाडी उभी करायची, चौकट बांधायची, ॲल्युमिनियमचा पत्रा मापून, कापून, वाकवून रिवेटने बसवायचा. महाराष्ट्रभर ज्याला लोक प्रेमाने आणि कंटाळून ‘लाल डबा’ म्हणतात तो डबा. माझं माहेर सोलापूर. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाताना अब्बा स्टँडवर सोडायला आले होते. गाडीत बॅग ठेवण्याआधी त्यांनी बाहेरच्या पत्र्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “बैस, ही आपली आहे.”

पाच-सहा वर्षांपूर्वी अब्बांचे कान गेले. वयाचंच ते. त्यांचे थोरले भाऊ आयुष्यभर शिलाईच्या मशीनवर बसलेले, त्यांचेही याच वयात गेले होते. कानाचं यंत्र आणलं, पण ते शिट्टी मारतं आणि भांड्यांचा आवाज माणसाच्या आवाजापेक्षा मोठा करून ऐकवतं. म्हणून ते कपाटाच्या खणात असतं.

ऐकू न येणाऱ्या माणसाला दिवसातून सर्वांत जास्त वेळा मिळणारं उत्तर म्हणजे ‘काही नाही’. दस्तरखानावर कुणीतरी काहीतरी बोलतं, सगळे हसतात, म्हातारा माणूस विचारतो, काय झालं? आणि घराघरांत एकच उत्तर येतं, “कुछ नहीं अब्बा.” विनोद मोठ्याने ओरडून दुसऱ्यांदा सांगितला की विनोद राहत नाही, म्हणून. कुणाचा हेतू वाईट नसतो. पण विचारणारा हळूहळू विचारायचं बंद करतो. अब्बांनी बंद केलं होतं. लोक हसले की तेही हसायचे, अर्धा सेकंद उशिरा. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांना तो अर्धा सेकंद ओळखीचा असेल.

तर त्या रविवारी भाग संपला, नायक संकटात लटकला, मित्र घरी गेले आणि अब्बांनी नातवाला खूण केली, पुन्हा लाव. मुलाने लावला. एका जागी अब्बांनी हात वर केला. “रोक. वो टोपी दिखा.” शिरस्त्राण पडद्यावर थांबलं. अब्बा उठून टीव्हीजवळ गेले, काचेवर बोट ठेवलं आणि सांधा दाखवला. दोन अर्धे वेगवेगळे करून बाजूने जोडलेत. मग रॉकेटचं दार लागताना भिंत हलते ते दाखवलं. चंद्रावरच्या राजाच्या खोलीतलं कुठलं यंत्र खरं आणि कुठलं नुसतं खोकं, ते सांगितलं. उडणारा माणूस दुरून दिसतो तेव्हा तो माणूस नाहीच, पुतळा आहे, आणि तो दोन तारांवरून उतरत येतो. तारा आडव्या नाहीत, उताराच्या आहेत. शेवटचं त्यांनी हाताने करून दाखवलं.

मुलाने फोनवर शोधलं. हे सिनेमे काढणाऱ्या रिपब्लिक कंपनीत लायडेकर नावाचे दोन भाऊ होते, हॉवर्ड आणि थिओडोर. असली सगळी करामत त्यांची. पोकळ पुतळा, त्यातून ओवलेल्या तारा आणि उतार. मुलगा आजोबांकडे बघतच राहिला. मला वाटतं, आजोबा काय काम करायचे ते त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

या सिनेमाचं आणखी एक आहे. त्यातलं इंग्रजी भराभर, नाकातून बोललेलं. माझ्या नवऱ्याला निम्मं कळतं, मला पाव, मुलगा कळल्याचं दाखवतो. म्हणजे त्या पंधरा मिनिटांत घरातले सगळेच थोडेथोडे बहिरे. आणि कुणाचं काही अडत नाही. दुष्ट माणूस दुष्ट दिसतो, तरफ ओढली की धूर निघतो, धावायचं असतं तेव्हा सगळे धावतात. चंद्रावरच्या भुयारात वितळलेला खडक वाहत येऊ लागला की त्याला भाषांतर लागत नाही. सगळ्यांच्या आधी अब्बाच “अरे, अरे” करतात. पाच-सहा वर्षांत पहिल्यांदा ते आमच्या अर्धा सेकंद पुढे होते.

कथा म्हणाल तर हसावं की रडावं अशी. चंद्रावरच्या लोकांकडे अणूची तोफ आहे, पण पृथ्वी जिंकायला खर्चाला पैसे नाहीत. म्हणून ते दोन भुरटे गुंड पगारी ठेवतात आणि त्यांना दरोडा घालायला सांगतात. माझा नवरा चाकणला शिफ्टमध्ये काम करतो. तो म्हणाला, “चंद्राचा पण महिनाअखेर आलेला दिसतोय.” हे वाक्य आम्ही अब्बांना कागदावर लिहून दाखवलं. ते इतके हसले की ठसका लागला.

दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी अब्बा स्वतःहून बोलायला लागले. लहानपणी ते हॅरिस पूल पायी ओलांडून खडकीला सिनेमा बघायला जायचे, घरी न सांगता. नादियाचे जुने मारधाडीचे सिनेमे तेव्हाही फिरून फिरून लागायचे. नादिया म्हणजे मूळची ऑस्ट्रेलियात जन्मलेली मेरी इव्हान्स. मुंबईच्या जे. बी. एच. आणि होमी वाडिया या भावांनी १९३५ साली तिला ‘हंटरवाली’त आणलं आणि हिंदी सिनेमात बाई चाबूक घेऊन घोड्यावर बसली. १९३६ च्या ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये ती चालत्या आगगाडीच्या टपावर मारामारी करते, खरोखरच्या टपावर. तिच्या घोड्याचं नाव ‘पंजाब का बेटा’ आणि मोटारीचं ‘रोल्स रॉइस की बेटी’. वाडिया बंधू स्वतः विदेशी सिरियलींवर पोसलेले. त्यांचे सिनेमे तुकड्यांत विभागलेले नव्हते, पण घडण तीच. दर दहा मिनिटांनी कुणीतरी कड्यावर लटकायलाच हवं. सुशिक्षित मंडळी नाकं मुरडायची. पुढच्या बाकांवरचे कामगार शिट्ट्या मारायचे.

आणि तारा इथेही होत्याच. १९३७ साली विजय भट्ट यांचा ‘ख्वाब की दुनिया’ आला, अदृश्य माणसाचा. त्यात वस्तू आपोआप हवेत हलतात. ते काम बाबूभाई मिस्त्री नावाच्या पोरसवदा तरुणाचं. काळ्या पडद्यासमोर काळ्या दोऱ्याने वस्तू हलवायच्या, दोरा दिसत नाही. लोक त्यांना ‘काला धागा’ म्हणू लागले आणि ते नाव आयुष्यभर राहिलं. मुलाने हे वाचून दाखवलं, म्हणजे अब्बांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं. अब्बा म्हणाले, “दोरा काळा असून भागत नाही. हात हलका लागतो.”

अब्बांच्या मनात सगळ्यात जास्त राहिलेला सिनेमा म्हणजे होमी वाडियांचा १९५६ सालचा ‘हातिमताई’. जयराज आणि शकीला. तेव्हा अब्बा अकरा वर्षांचे. हातिमचं नाव निघालं आणि मला माझी नानी आठवली. सोलापुरात गच्चीवर आम्हा सात-आठ पोरांना ती हातिमचा किस्सा सांगायची. हुस्नबानूचे सात प्रश्न, त्यांच्या उत्तरांसाठी दुसऱ्याच्या प्रेमाखातर रानोमाळ हिंडणारा हातिम. त्यात एक कोह-ए-निदा नावाचा डोंगर आहे. त्या डोंगरातून एखाद्याला हाक येते, ज्याला येते तो हातातलं काम टाकून चालू लागतो आणि परत येत नाही. हातिम त्या डोंगराच्या पायथ्याशी पोचला की नानी पानाचा डबा बंद करायची. “बाकी कल.” आम्ही पाय आपटायचो, तिला कसमा घालायचो. ती ढिम्म. अमेरिकेच्या थिएटरवाल्यांनी नवीन काय केलं? तिकीट लावलं, एवढंच. अलिफ लैलाची शहरजाद तर रोजची गोष्ट अर्धी ठेवूनच जीव वाचवते. पुढे ९० च्या दशकात दूरदर्शनवर ‘अलिफ लैला’ लागायची. रामानंद सागर यांच्याकडची. तिच्यातले जिन आणि उडते गालिचे आज पाहिले तर रेडार मेनचे सख्खे भाऊ वाटतात. पण तेव्हा आमच्या मोहल्ल्यात त्या वेळेला रस्त्यावर माणूस दिसत नसे.

अब्बांची बहीण, आमच्या फुफी, कासारवाडीहून रविवारी येतात. त्यांनी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा त्या नाराज झाल्या. या वयात तसबीह सोडून हा काय पोरखेळ, असं त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, कारण भावाला म्हणून उपयोग नव्हता. मी चहा ठेवला. अब्बांना बोलणं ऐकू आलं नाही, पण बहिणीचा चेहरा ऐंशी वर्षं वाचलेला. म्हणाले, “असर हो गयी, मगरिब को टाइम है.” हे खरं होतं. एक भाग त्या दोन नमाजांच्या मध्ये आरामात बसतो. फुफी पाठ करून बसल्या. दहाव्या मिनिटाला विचारतायत, “आता हा मेला का?” आता त्या भागाच्या वेळेच्या आधी येतात. वाटाण्याच्या शेंगा घेऊन बसतात आणि मधूनच “पीछे देख रे” म्हणून नायकाला सावध करतात.

१९६७ साली अब्बा नोकरीला लागून वर्षच झालं होतं. तेव्हा दारासिंगचा ‘चाँद पर चढाई’ आला. टी. पी. सुंदरम यांचा. दारासिंग चंद्रावर जाऊन कुस्ती खेळतो, हेलन तिथेही नाचते. कार्यशाळेतली सात-आठ पोरं मिळून गेली होती. दुसऱ्या दिवशी कामावर कुणी मन लावून काम केलं नाही. चर्चा एकच, ते रॉकेट आपल्याकडे आलं असतं तर किती दिवसांत करून दिलं असतं. एक जण म्हणे चार दिवस, अब्बा म्हणे रंगासकट सहा. दोन वर्षांनी, जुलै १९६९ मध्ये, माणूस खरोखर चंद्रावर उतरला. अब्बांनी वर्तमानपत्रातला फोटो पाहिला आणि त्यांची थोडी निराशा झाली. माती होती फक्त. दारासिंगच्या चंद्रावर निदान माणसं होती.

मुलाचे मित्र अजून हसायला येतात. हसू नये असं नाही, हसण्यासारखंच आहे. पण मी बघते, त्यांच्या हसण्यात फरक पडलाय. पूर्वी ते ‘कसलं फालतू’ म्हणून हसायचे. आता अब्बा बोट दाखवतात आणि ती पोरं जागा सापडल्याच्या आनंदाने हसतात. परवा एकाने विचारलं, एवढं सगळं दिसतंय तर त्या लोकांनी नीट का नाही केलं? मुलाने प्रश्न अब्बांच्या कानात ओतला. अब्बांनी उलट विचारलं, “टाइम कितना मिला था उनको?” कुणाकडेच उत्तर नव्हतं. मग त्यांनी सांगितलं की गाडी अमुक तारखेला बाहेर काढायची ठरली की ती काढायचीच असते. दिसणाऱ्या बाजूचा पत्रा आधी सरळ करायचा, मागचा नंतर. प्रवासी पावसात भिजता कामा नये, हे पहिलं. हे बोलताना त्यांनी पलंगाखालची पेटी ओढली आणि लाकडी मोगरी बाहेर काढली. सपाट पत्र्याची वाटी कशी करतात, कडेकडेने ठोकत आत यायचं, मध्यावर घाई केली तर पत्रा फाटतो, हे त्यांनी वाळूच्या पिशवीवर ठोकून दाखवलं. शेजारच्या मजल्यावरून विचारणा झाली. मी सांगितलं, रॉकेट होतंय.

आजकालच्या सिनेमात असलं काही नसतं. मुलाने एकदा हौसेने नवा अवकाशपट लावला. दोनशे यानं एकदम उडतात, तार कुठेच नाही. अब्बा वीस मिनिटांत झोपले.

खरा वाद झाला तो वेगळ्याच गोष्टीवरून. बाराही भाग फोनवर तयार आहेत. मुलाचं म्हणणं, पावणेतीन तासांत सगळं संपतं, एका बैठकीत पाहू. अब्बा म्हणाले, नाही, इतवारी एक. मुलगा म्हणाला, पण का? अब्बा म्हणाले, “मग उरलेल्या इतवारांचं काय करायचं?”

तेव्हापासून एकच भाग. आणि आठवडाभर जेवताना तोच विषय. नायक कसा सुटणार? अब्बा बुधवारपर्यंत एक तोड काढतात, विजेच्या बिलाच्या मागे आकृती काढतात, बाण दाखवतात. नवरा रात्रपाळीहून येऊन ती आकृती बघतो आणि खाली पेनाने शंका लिहून जातो. अब्बा दुसऱ्या दिवशी शंकेखाली उत्तर लिहितात. शुक्रवारी जुम्याहून येताना बाप-लेक त्याच्यावर हातवारे करत येतात. फुफींचा फोन मला येतो, “भाईजानला विचार, दोर असेल का तिथे?” ‘कुछ नहीं’ म्हणून भागत नाही. प्रश्न अब्बांचा असतो आणि उत्तर कुणालाच माहीत नसतं.

म्हणजे, एकाला माहीत आहे. परवा मुलाच्या फोनवर मला दिसलं, त्याने बाराही भाग केव्हाच पाहून टाकलेत. शेवटच्या भागाचं तर नावच ‘चंद्रावरच्या माणसाचा मृत्यू’ असं आहे, त्यामुळे मोठं गुपित आहे असंही नाही. मी त्याला काही बोलले नाही. गेल्या रविवारी नववा भाग संपला. मंगळवारी अब्बांनी बिलाच्या मागे नवी आकृती काढली आणि त्याला हाक मारली. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. मुलगा शेजारी बसला, कागद नीट पाहिला, डोकं खाजवलं आणि आजोबांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाला, “दादा, इथे पत्रा पातळ आहे. वजन नाही घेणार.” अब्बांनी खोडरबर मागितलं.